रविराजच्या नावावरचा फोटो

१

पेटी होती. पेटीत काळा स्पंज होता. स्पंजात दांड्याच्या मापाची खाचही होती. दांडा तेवढा नव्हता.

"इथंच ठेवला होता हो मी," निकिता म्हणाली आणि तिनं रिकामी पेटी पुन्हा एकदा उलटी करून पाहिली. छोट्या सुट्टीत ती चहाला म्हणून ऑफिसात गेली होती. परत येते तो ही गत.

निकिता नगरच्या एका धर्मादाय दवाखान्यातून आली होती. शाळाशाळांतून हिंडून मुलांचे डोळे आणि कान तपासायचे, हे तिचं काम; आज दुपारी गावकऱ्यांचेही तपासायचे होते. तो दांडा म्हणजे तिचा कॅमेरा, हातातल्या बॅटरीएवढा. टोकाला एक भिंग लावलं की डोळ्याच्या पार मागचा पडदा दिसे, ते काढून नळकांडं बसवलं की कानाचा. दांड्यावर मात्र काहीच दिसत नसे. बटण दाबलं की दिवा लागे, फोटो निघे आणि तो टेबलावरच्या टॅबलेटमध्ये जाऊन बसे.

शेकटेवाडीच्या शाळेत आज तो आणखी एका ठिकाणी जात होता. वर्गातल्या भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर.

ही कल्पना रोहिणीबाईंची. बाईंनी उभी हयात विज्ञान शिकवण्यात घातली होती. फळ्यावर डोळ्याची आकृती काढून काढून खडू झिजवले होते, आणि आज खराखुरा डोळा चालत शाळेत आला होता. निकिता जरा कचरली होती. "बाई, आम्ही असं सगळ्यांसमोर शक्यतो दाखवत नाही."

"अगं, विज्ञान आहे ते. त्यात लपवायचं काय?" असं म्हणून बाईंनी स्वतःच्या हातानं वायर जोडली होती.

सकाळ तर अशी गेली की बाईंना वाटावं, यासाठीच आपण मास्तरकी केली. डोळ्याचा तो नारिंगी पडदा, त्यावर नद्यांसारख्या पसरलेल्या लाल शिरा. "बाई, मंगळावर उतरल्यावानी वाटतंय!" एक पोरगं ओरडलं होतं. मग कान सुरू झाले, आणि सातवीतल्या सुकन्याच्या कानात ज्वारीचा दाणा निघाला. फुगलेला. टीव्हीवर तो लिंबाएवढा दिसला.

वर्गात हशा फुटला. "कानात पेरणी केली गं!" "सुकन्या, हुरडा कधी?"

बाईंनी टेबलावर पट्टी आपटून सगळ्यांना गप्प केलं, आणि मग त्या दाण्यावरच धडा घेतला. दाणा कानात कसा फुगतो, पडद्याला कसा टेकतो, आपण काय करू नये. सुकन्या त्यांच्या डाव्या हाताला उभी होती, त्यांच्या पदराचं टोक धरून. तिचे ओठ हलत होते. हल्ली पोरं पुटपुटतात फार, असं बाईंच्या मनात आलं आणि त्या पट्टीनं दाणा दाखवत राहिल्या.

पुढचा नंबर रविराजचा होता. तेवढ्यात सुट्टीची घंटा झाली.

आता सुट्टी संपली होती. दांडा नव्हता, आणि रविराजही जागेवर नव्हता.

"बाई," निकिता टॅबलेटकडे बघत म्हणाली, "हा शेवटचा फोटो मी काढलेला नाही."

फोटोत पिवळसर, धुरकट असं काहीतरी चमकत होतं. खाली नाव होतं: रविराज.

२

"झालं!" मुख्याध्यापक गर्जे सर म्हणाले. "चोरानं खाली सहीच केली की."

"रविराजच," रोहिणीबाई बोलून गेल्या.

त्या असं उगीच बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, म्हणूनच त्या एका शब्दाला वजन आलं. खिडकीशी कान लावून बसलेल्या पोरांनी तो झेलला, आणि बघता बघता पटांगणभर झाला. रविराजनं कॅमेरा चोरला. बाईच म्हणाल्या.

रविराज म्हणजे वाल्मिकचा मुलगा. आईबाप दिवाळी झाली की राहुरीकडं ऊसतोडीला जायचे, तो आजीपाशी राहायचा. शेवटच्या बाकावर एकटाच बसायचा. शेजारी कुणी नाही, बोलणं नाही. एकलकोंडा आहे, असं बाईंनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"चारला गाडी नगरला परत जाणार," सर म्हणाले. "तोवर वस्तू मिळाली तर ठीक. नाहीतर मी पोलिसांत कळवतो, आणि वाल्मिकला फोन करतो. म्हणावं, ने तुझं लेकरू फडावर. शाळेला नसता डाग नको."

वर्षाच्या मध्यात फडावर गेलेलं पोर पुन्हा वर्गात बसत नाही, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. "चारपर्यंत मला विचारपूस करू द्या," त्या म्हणाल्या.

"बाई! अहो बाई, तुम्हालाच म्हणतोय," सर डावीकडून सांगत होते, "ड्रायव्हर आला बघा."

दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर सूर्यभान शेजारच्याच वस्तीवरचा. सुट्टीची घंटा झाली तसा तो स्टेपनीचं पंक्चर काढायला जामखेडला निघाला होता. सर त्याच्यावर तुटून पडले. "फोन का लागत नाही तुमचा?"

"सर, परवा हौदात पडला हुता. तांदळात घालून ठिवला तवा कुठं बोलाय लागलाय. अजून मधीच हुक्की येती त्याला." सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं आपणहून गाडीचं दार उघडलं. "घ्या झडती. शिटाखाली बघा, माझ्या डब्यात बघा."

गाडीत काही नव्हतं. "रविराज दिसला का कुठं?" बाईंनी विचारलं.

"व्हय की! निघालो तसा पाझर तलावाच्या पल्याड गाठला त्याला. दप्तर पाठीला अन् पळतंय. म्हनलं बस, सोडतो. थांबलंच न्हाई."

"हातात काय होतं?"

सूर्यभान आठवू लागला. "काई न्हाई. एक हात कानावर दाबल्याला हुता."

"मग दप्तरात असणार," सर म्हणाले. "सूर्यभान, गाडी काढा. आणा त्याला."

३

जेवणाच्या सुट्टीत पोरांची कुरकुर सुरू झाली. मंगळवार म्हणजे खिचडी, आणि ताटात नुसती मटकीची उसळ.

शाळेचं स्वयंपाकघर म्हणजे वर्गाच्या भिंतीला टेकवलेली पत्र्याची खोली. लंकाबाई तिथं पोषण आहार शिजवायच्या. सुकन्या त्यांचीच नात. बाई दारात उभ्या राहिल्या, तेव्हा सुकन्या पाठमोरी बसून जेवत होती, कानांवरून स्कार्फ घट्ट बांधून.

"खिचडी नाही आज, लंकाबाई?"

"तांदळात पोरकिडं झाल्यात. लेकरांना किडं घालू व्हय?"

"सुट्टीत वर्गाकडं कुणी आलेलं दिसलं का तुम्हाला?"

"मी कुठं हुते हितं? तुमालाच चहा घेऊन आल्ते न्हवं हापिसात. तुमीच म्हनलात, साखर कमी हाय." लंकाबाईंनी उसळीत डाव फिरवला. "रविराजनं नेला म्हनत्यात. खरं हाय का?"

"अजून काही खरं नाही. सुकन्या, जेवलीस का गं?"

सुकन्यानं मान वळवली नाही. ताटातला एक एक दाणा ती बोटानं बाजूला सारत होती.

बाई परत निघाल्या. पटांगणात पौषातलं उबदार ऊन पसरलं होतं. ऊन तेवढंच पसरलं होतं, बाकी जमीन रिकामी. काहीतरी असायला हवं होतं तिथं, जे नव्हतं. काय ते मात्र त्यांना आठवेना. तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला.

रविराज सापडला होता.

४

दप्तरातून वह्या निघाल्या, मूठभर बोरं निघाली आणि कापसाचा एक बोळा. कॅमेरा नाही.

"कुठं पुरलास?" सर गरजले.

"सर, तुम्ही जरा बाहेर थांबता?" बाई म्हणाल्या. दार लोटून त्या रविराजच्या समोर बाकावर बसल्या. "घाबरू नकोस. कॅमेरा कुठाय?"

"मला न्हाई म्हाईत."

"मग पळालास का?"

पोरगं बोरांकडं बघत राहिलं. बाई थांबल्या. मुलाला गणित सुटेपर्यंत थांबायची त्यांना सवय होती.

"माझा नंबर हुता," शेवटी तो म्हणाला.

"मग काय झालं?"

"माझा कान वाहतो, बाई. वास येतो. म्हनून माझ्या बाकावर कुनी बसत न्हाई." त्यानं मान वर करून भिंतीवरच्या टीव्हीकडं पाहिलं. "त्याच्यात दिसलं असतं सगळ्यांना."

तो बाक त्या रोज पाहत होत्या. रोज हजेरी घेताना, रोज वही तपासताना. एकलकोंडा! पोरानं एकटेपण निवडलेलं नव्हतं, बाकीच्यांनी ते त्याला दिलं होतं, आणि आपण त्याला नाव ठेवून मोकळे झालो.

त्यांनी निकिताला आत बोलावलं. "त्या फोटोखाली याचं नाव कसं आलं गं?"

"आधी मुलाचं नाव उघडावं लागतं, मग फोटो त्या नावावर जातो."

"आणि याचं नाव कुणी उघडलं?"

"मीच. पुढचा नंबर याचा होता ना, तर मी नाव..." निकिता मध्येच थांबली आणि तिनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! मी नाव उघडून ठेवलं आणि चहाला गेले. त्यानंतर कुणाच्याही कानाचा फोटो निघाला असता, तरी याच्याच नावावर पडला असता."

"तो निघाला केव्हा?"

निकितानं टॅबलेट पाहिला. "सुट्टी संपता संपता. आपण ऑफिसात चहा संपवत होतो तेव्हा."

"आणि दांडा किती लांबून फोटो पाठवू शकतो?"

"लांबून नाहीच. पटांगण ओलांडलं की तुटतं."

बाईंनी रविराजकडं पाहिलं. सुट्टीच्या सुरुवातीलाच पोरगं पाझर तलावापलीकडं पळत होतं. सूर्यभाननं डोळ्यांनी पाहिलं होतं. सूर्यभानही मग जामखेडच्या वाटेवर. फोटो निघाला तेव्हा दोघंही शाळेपासून लांब होते.

"म्हणजे दांडा शाळेबाहेर गेलाच नाही," बाई हळू म्हणाल्या. "दाखव तो फोटो. हे पिवळं काय आहे?"

"तेल आहे, बाई. कानात तेल भरलंय, म्हणून काही दिसत नाही. पण सकाळी तर एकाच्याही कानात तेल नव्हतं."

मग ते सुट्टीत घातलं गेलं. शाळेत कोमट तेल मिळायची जागा एकच. आणि त्या क्षणी, पटांगणात काय नव्हतं ते बाईंना आठवलं. तांदळाला पोरकिडे लागले की लंकाबाई तो पोत्यावर पसरून उन्हात घालायच्या, अगदी न चुकता. आज पटांगणात पोतं नव्हतं. तांदूळ किडका नव्हता. तांदळाची कोठी उघडायची नव्हती.

का? ते तर सूर्यभाननं सकाळीच सांगून टाकलं होतं, आपल्या हौदात पडलेल्या फोनचं गाऱ्हाणं गाताना.

बाई उठल्या. चोर सापडल्याचा आनंद त्यांना कुठंच सापडेना.

५

"लंकाबाई, कोठी उघडता?"

"किडं हायेत म्हनलं न्हवं..."

"किडे असते तर पोतं उन्हात असतं. उघडा, मी एकटीच आहे."

लंकाबाई मटकन खाली बसल्या. पदर तोंडाला लावला.

"मी चोरी न्हाई केली, बाई. देवीची आन."

"मला ठाऊक आहे. काय झालं ते सांगा."

"पोरगी रडत आली. म्हनली, आज्जे, दुपारी गावची मानसं यायची हायेत तपासायला, तवा पुन्ना माझा कान तसाच दाखवत्याल. म्हनलं त्याच्या आदी दाना काढू. लसनाचं तेल कोमट करून घातलं कानात. पर दाना आला का न्हाई ते कळंना, माझी नजर कुठं पुरती? मग मनात आलं, तुमचा दांडा तर ज्वारीचं लिंबू करून दाखवितो. चहा देऊन येताना वर्गात कुनी नव्हतं, घेऊन आले. म्हनलं, आपुन दोघीच बघू. कुनाला न दाखविता."

"आणि दिसलं काहीच नाही."

"दिवा लागला नुसता. माझ्या हातानं पार तेलकट झाला. नळाखाली धरला, तर दिवाबी गेला." लंकाबाईंनी डोळे पुसले. "मग तांदळात घातला. चारच्या आत वाळंल, गुमान पेटीत ठिवून दीन, असं म्हनले."

"रविराजवर आळ आला ते कळलं होतं ना?"

"कळलं. त्या लेकराचं नाव ऐकलं अन् माझ्या तोंडाला कुलूप बसलं. माझी नात वाचवाया दुसऱ्याचं लेकरू बुडवाया निघाले मी. काय म्हनू नका बाई, मला माझंच तोंड बघू वाटंना."

बाई त्यांच्याजवळ खाली बसल्या, तशाच, मातीत. "आळ तुम्ही नाही घातला, लंकाबाई. मी घातला."

कोपऱ्यात सुकन्या उभी होती. स्कार्फ सुटून खांद्यावर आला होता आणि गणवेशाच्या कॉलरवर तेलाचा डाग पसरला होता. बाईंनी तिच्याकडं पाहिलं. तिनं नजर खाली केली.

६

बाईंनी तांदळात कोपरापर्यंत हात घालून दांडा काढला. निकितानं तो पुसला, फुंकला, उन्हात धरला. दिवा मिचमिचला, विझला, आणि मग लागला.

"डॉक्टरपेक्षा तांदूळ बरा," सूर्यभान म्हणाला. पण कुणी हसलं नाही.

स्वयंपाकघराचं दार लावून निकितानं सुकन्याच्या कानातलं तेल टिपून घेतलं आणि कान पाहिला. पडदा शाबूत होता; दाणा जामखेडच्या डॉक्टरांकडून काढून घ्यायचा होता. नंतर रविराजचा पाहिला. पडद्याला भोक होतं, पण उपचारानं बरं होण्यासारखं. "इतके दिवस कुणाला दिसलं कसं नाही?" निकिता सहज बोलून गेली.

ऑफिसात त्यांनी गर्जे सरांना सगळं सांगितलं. सर चवताळले. "म्हणजे लंकाबाईंनी..."

"सर, रविराज ज्याच्यापासून पळाला, त्याच्याचपासून दांडाही पळाला. त्या टीव्हीची वायर मी जोडली होती. पोलिसांत कळवायचं असेल, तर पहिलं नाव माझं लिहा."

सरांनी हातातला फोन टेबलावर उपडा ठेवला.

मग बाई रविराजचा हात धरून वर्गात गेल्या. सगळी मुलं बसली होती. लंकाबाई दारात उभ्या होत्या.

"कॅमेरा रविराजनं घेतला नव्हता," बाई म्हणाल्या. "मी म्हणाले होते, त्यानं घेतला. न विचारता, न तपासता म्हणाले होते. ते खोटं होतं. कॅमेरा कुठं गेला होता, ते सरांना मी सांगितलं आहे. तुम्हाला एवढंच सांगते, की तो माझ्यामुळं गेला होता."

बाईंनी टीव्ही लावला आणि निकितासमोरच्या खुर्चीत बसल्या. "माझा कान बघ."

"बाई, नको ना," निकिता पुटपुटली.

"सकाळी तूच नको म्हणाली होतीस. तेव्हा ऐकलं नाही, आताही ऐकणार नाही. डावा बघ."

टीव्हीवर बाईंचा कान उघडला. आधी पांढरे केस, मग सुरकुतलेली कातडी, मग बोगदा. आणि बोगद्याच्या तोंडाशी काळपट, तपकिरी, चिखलासारखा घट्ट मळ. आरपार भरलेला. पडदा कुठंच नाही.

"हसा," बाई म्हणाल्या. "सकाळी हसलात तसे हसा."

एकही पोर हसलं नाही. मागच्या बाकावर कुणीतरी नाक ओढलं, तेवढंच. हसले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

निकिता त्यांच्या डाव्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाली. बाईंना फक्त तिचा श्वास जाणवला. त्यांनी वळून पाहिलं, तेव्हा ती म्हणाली, "बाई, या कानानं तुम्हाला ऐकूच येत नाहीये."

डावा कान. पदराचं टोक. हलणारे ओठ.

"सुकन्या," बाईंनी हाक मारली. "सकाळी तू मला काहीतरी सांगत होतीस. काय सांगत होतीस?"

सुकन्या जागेवरून उठली. बाकांमधून येऊन ती खुर्चीला वळसा घालून बाईंच्या उजव्या बाजूला उभी राहिली.

"म्हनत हुते, बाई, बंद करा ना."

बाईंनी मान हलवली. कान बंद होता, हे खरं. निकितानं आत्ता सगळ्यांना दाखवलंच होतं, आणि कुणीही म्हटलं असतं की बाईंना बिचाऱ्यांना ऐकूच आलं नाही. पण ती पदर धरून उभी होती, आणि तिचे डोळे भरले होते. ते दिसायला कान लागत नव्हता.

"मी बघितलं होतं गं तुझ्याकडं," बाई म्हणाल्या. "बघितलं होतं, आणि धडा पुरा केला."

टीव्हीवर बाईंचा कान अजून भिंतभर पसरलेला होता, आणि सगळा वर्ग मान खाली घालून बसला होता.

सुकन्यानं टेबलावरचा रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.